डाव्या हाताचा मोजा

आमच्या आत्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ती गोंधळून बघत राहते, आणि त्याच माणसाने हात पुढे केला की तिचा चेहरा उजळतो. "अगं बाई, तू होय! केवढी लांब बोटं ही, सगळी आईवर गेलीत," असं भर रस्त्यात म्हणते. समोरचा ओशाळतो आणि मला तिला कोपराने ढोसावं लागतं.

यात तिचा दोष नाही. अठ्ठावीस वर्षं ती हातमोज्यांच्या कारखान्यात होती. यंत्रावरून विणून आलेल्या मोज्यांच्या बोटांची टोकं शिवून बंद करायची, हे तिचं काम. दिवसाला दोन-अडीच हजार बोटं. लहान, मध्यम आणि मोठं अशी तीन मापं, आणि जगातल्या यच्चयावत माणसांनी त्या तिनांत बसायचं. "तिथे हात नव्हतेच गं," ती म्हणते, "नुसती मापं होती." निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिने पाच सुया आणि राखाडी लोकर आणली आणि पहिला जोड माझ्यासाठी विणला. माझी उजवी करंगळी जराशी आत वळलेली आहे. माझ्या सख्ख्या आईच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. आत्याच्या मोज्यात ती करंगळी अशी जाऊन बसली, की मला आधी हसू आलं आणि मग रडू.

आम्ही दोघीच राहतो. दोन खोल्या, एक गच्चीवजा सज्जा आणि लोकरीच्या चार पेट्या. मी दवाखान्यात केसपेपर लिहिते. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी लिहून लिहून मला सगळ्यांचं सगळं कळतं असं वाटायला लागलंय. हा माझा दुर्गुण आहे, आणि ही हकीकत त्याचीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

दर गुरुवारी चार ते सहा आम्ही सहाजण ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जमतो. जुनी मासिकं ठेवायची खोली ती. एक लांब टेबल, एक पाय आखूड असलेला, त्याखाली टपालकाकांनी पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. टपालकाका म्हणजे निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता वह्या शिवतात. बेकरीवाली मेणबत्त्या ओतते. सुतारकाका लाकडाचे चमचे आणि खेळणी कोरतात. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्या सुकवलेल्या फुलांची भेटकार्डं करतात आणि आम्हाला अजून चौथीतली मुलं समजतात. आत्या मोजे विणते, मी तिच्याकडून शिकून काहीबाही विणते.

नाताळाची आमची एक रीत आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी बाई चहाच्या डब्यात सहा चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जिचं किंवा ज्याचं नाव येईल, त्याच्यासाठी त्याने हाताने काहीतरी करायचं आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मग नाताळच्या आधीच्या गुरुवारी वाटप. पण वस्तू नुसती देऊन सुटका नाही. तिची हकीकत सांगायची. ती करताना घरात काय चाललं होतं, मनात काय होतं, हे सगळ्यांसमोर, आणि खरं. "वस्तू काय, दुकानातही मिळते," हे बाईंचं म्हणणं. "तुमचा डिसेंबर दुकानात मिळत नाही." एकदा बेकरीवालीने टपालकाकांना कमरेत वाकलेली मेणबत्ती दिली होती. तिने सांगितलं, की मेण ओतत असतानाच मुलीचा फोन आला, नव्या नोकरीचा पहिला दिवस होता, पोरगी रडत होती, आणि फोन ठेवेपर्यंत मेण जे बसायचं ते तसंच बसलं. टपालकाकांनी ती मेणबत्ती आजवर पेटवलेली नाही.

ऑगस्टमध्ये आत्याचा हात थरथरायला लागला.

सकाळी तिने कप बशीवर ठेवला आणि तो वाजत राहिला. उजवा हात. तिने तो डाव्या हाताने धरला, तर डावाही किंचित हलत होता. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, वयाचं आहे, गोळीने थोडं कमी होईल, जायचं नाही. आत्याने बाहेर येऊन माझा दंड धरला. "गुरुवारच्या मंडळींना सांगायचं नाही."

"अगं, पण त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"आजींचं काय झालं, बघितलंस ना?"

बघितलं होतं. आमच्यात पूर्वी एक भरतकामवाल्या आजी होत्या. त्यांची नजर गेली, आणि आम्ही सगळे इतके चांगले वागलो, की बोलायची सोय नाही. कुणी त्यांची सुई ओवायचं, कुणी कापड हातातून घ्यायचं, "तुम्ही बसा हो आजी, आम्ही करतो." पुढे त्यांच्याकडे लोकर गुंडाळायचं काम आलं. मग नुसती चहाची वेळ झाली की आठवण करायचं. वर्षभरात त्या यायच्या बंद झाल्या. शेजारच्या गल्लीत राहतात, पण येत नाहीत. आत्याला मरणाची भीती नाही, तसं ती चारचौघांत सांगते. पण "तुम्ही बसा" या दोन शब्दांची तिला धडकी भरली होती. तिला काम करणाऱ्यांत बसायचं होतं. काम करणाऱ्यांच्या शेजारी नाही. म्हणून गुरुवारी ती गप्पांच्या नादात दोन टाके घालायची आणि हात शालीखाली घ्यायची.

ऑक्टोबरात तिने चिठ्ठी काढली, वाचली आणि गिळल्यासारखी मुठीत दाबली. पुढच्या गुरुवारी तिने सुतारकाकांना हाक मारली. "जरा लोकर धरता का?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तिने त्यांच्या हातांवर लोकरीची लडी चढवली आणि गुंडी करत बसली. चांगला अर्धा तास. मी शेजारीच होते. एरवी लडी धरायला मी असते, खुर्चीची पाठ असते. मला नवल वाटायला हवं होतं. पण मी तेव्हा टपालकाकांशी वाद घालत होते, कशावरून ते आता आठवतही नाही.

सुतारकाकांच्या डाव्या हाताला अनामिका आणि करंगळी नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी करवतीच्या यंत्रात गेली. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि त्या हाताकडे कुणी बघत नाही, इतकं कुणी बघत नाही की ते न बघणंच दिसावं. आजवर ज्यांना त्यांची चिठ्ठी आली, त्यांनी मफलर दिले, टोप्या दिल्या. मीच दोन मफलर दिलेत. हिवाळ्यात ते दुकानातले मोजे घालतात आणि डाव्या मोज्याची दोन रिकामी बोटं आत दुमडून त्याला सेफ्टी पिन लावतात.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही.

नोव्हेंबर आणि अर्धा डिसेंबर आत्या सज्जात बसून विणत होती. गडद हिरवी लोकर, बारीक सुया. मला तिने जवळ येऊ दिलं नाही. दाराच्या फटीतून मला दिसायचं: तीन टाके पुढे, हात हलला, एक टाका सुटला, ती थांबायची, क्रोशाची सुई घेऊन तो उचलायची. पूर्वी जोडाला तिला चार दिवस लागायचे. आता एका बोटाला चार दिवस लागत होते. दोनदा तिने सगळं उसवलं. एकदा मी ऐकलं, ती स्वतःच्या हाताला रागावत होती, "जरा गप बस की रे मेल्या," म्हणून. मी कडीला हात लावला. पण आत जायची बंदी होती.

वाटपाच्या आधीच्या शनिवारी तिने तपकिरी कागदात पुडकं बांधलं, त्याला सुतळी बांधली आणि म्हणाली, "झालं." एवढंच. तिचा चेहरा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

रविवारी ती चर्चला गेली आणि तिथून मैत्रिणीकडे जेवायला जाणार होती. मला सर्दी होती, मी घरी राहिले. रिकामं घर, वाफाळता चहा आणि कपाटावर ते पुडकं. मी स्वतःला सांगितलं, नुसतं बघते. सुतळीची गाठ नीट लक्षात ठेवली आणि सोडली.

उजवा मोजा सुरेख होता. टाके जरा लहानमोठे होते, पण मापात. मग मी डावा घेतला आणि बोटं मोजायला लागले. अंगठा होता, पहिलं बोट होतं, मधलं होतं. पुढची दोन नव्हती. ती असायला हवीत तिथे लोकर ओढून, वेड्यावाकड्या टाक्यांनी बंद केलेली होती.

मला वाटलं, तिला झेपलं नाही. किंवा त्याहून वाईट, ती विसरली. त्याच महिन्यात तिने दोनदा दूध उतू घालवलं होतं. दवाखान्यात मी रोज असे केसपेपर लिहिते: आधी हात, मग विसर. मला गुरुवार दिसायला लागला. कुणीतरी पुडकं उघडणार, दोन बोटं कमी असलेला मोजा निघणार, सगळे एकमेकांकडे बघणार आणि बाई मऊ आवाजात आत्याला म्हणणार, "ताई, तुम्ही बसा."

मी चहा तसाच टाकला. उरलेली हिरवी लोकर पेटीत होती. ते वेडेवाकडे टाके उसवले, सुयांवर उचलले आणि विणायला बसले. आयुष्यात इतकं मन लावून मी काही विणलेलं नाही. मुद्दाम मधूनच एखादा टाका सैल सोडला, आत्याचा हात वाटावा म्हणून. अनामिका झाली. करंगळी झाली. दोन वाजता मी पुडकं पुन्हा बांधलं, तीच गाठ, तीच घडी. स्वतःवर इतकी खूश झाले, की आरशात बघून आले.

चिठ्ठी कुणाची होती, हा विचार मला शिवलाही नाही. पाच बोटांशिवाय मोजा असू शकतो, हे माझ्या डोक्यात बसलेलंच नव्हतं. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं आत्या होती, पण कारखान्यासारखा विचार मी केला.

गुरुवारी खोलीत बेकरीतून आलेल्या गरम पावाचा वास होता आणि खिडकीत चार मेणबत्त्या. टपालकाकांनी बेकरीवालीला पाककृती लिहायची वही दिली. बायकोच्या गुडघ्याचे व्यायाम मोजता मोजता ती शिवली, त्यामुळे दर वीस टाक्यांनी एक गाठ आहे, म्हणाले. बाईंना मी चहाच्या किटलीची टोपी दिली आणि हकीकत म्हणून दवाखान्यातली दोन भांडणं सांगितली. मग आत्या उठली. पुडकं तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. थरथर दिसू नये म्हणून, हे मला एकटीला कळत होतं.

ती टेबलाला वळसा घालून सुतारकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

चिठ्ठी त्यांची होती. मी थांबवायला खुर्ची मागे सारली, तोवर पुडकं त्यांच्या हातात गेलं होतं. काकांनी सुतळी सोडली. उजवा मोजा घातला, मूठ मिटली, उघडली. "वा," म्हणाले. मग डावा घातला.

दोन बोटं रिकामी लोंबत राहिली.

काका त्या बोटांकडे बघत होते. मग अगदी सवयीने, काही विशेष घडलंच नाही अशा थाटात, त्यांनी ती दोन बोटं आत दुमडली आणि शर्टाच्या खिशात हात घातला. "छान ऊबदार आहेत. मी पिन लावतो, काही अडत नाही," ते म्हणाले, आणि खिशातून सेफ्टी पिन काढली.

आत्याने पुढे होऊन त्या दोन बोटांना हात लावला. एकदाच चिमटीत धरून पाहिलं आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. तिला टाके ओळखू आले होते. काकांकडे वळून म्हणाली, "माझी चूक झाली. माफ करा."

मी गप्प बसू शकले असते, आणि क्षणभर बसलेही. तो क्षण मला अजून टोचतो. मग म्हटलं, "तिची नाही, माझी. तिने तीनच बोटं विणली होती. मी पुडकं उघडलं. मला वाटलं तिच्याने झालं नाही. तिचा हात थरथरतो ना, ऑगस्टपासून, म्हणून मला वाटलं..."

आणि तिथे मी थांबले, कारण आत्ताच मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. एक चूक सांगताना मी तिचं गुपित टेबलावर ओतलं होतं. सगळ्यांच्या नजरा आत्याच्या हातांवर गेल्या. तिने ते शालीखाली घेतले. माझ्या आत्याला मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला तसं मी केलं होतं.

बाई उठल्या. त्यांच्या मनात मायाच होती, दुसरं काही नव्हतं. "अहो, एवढंच ना? द्या इकडे, मी उसवते. ताई, तुम्ही..."

"बाई," सुतारकाका म्हणाले, "तुम्ही चहाचं बघा."

बाईंना असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. त्या गेल्या. काकांनी मोजा काढला नाही. खुर्ची ओढून आत्याच्या समोर बसले आणि तो हात, मोज्यासकट, टेबलावर तिच्यापुढे ठेवला.

"काढा ही दोन."

"मोजा उतरवा आधी," आत्या म्हणाली.

"नको. हातावरच करा, माप नीट येईल."

"सुई टोचेल. हलतोय हात."

"टोचू दे. करवतीपुढे सुईचं काय घेऊन बसलात?" मग जरा थांबून, दुसऱ्या कुणाकडे न बघता ते म्हणाले, "माझी बोटं गेली ना ताई, त्यानंतर सहा महिने लाकडाच्या कारखान्यात मला कुणी खिळासुद्धा ठोकू दिला नाही. सगळे भले होते. बोटं गेल्याचं मी एकदा रडलो. त्याचं रोज रडायचो."

आत्याने शालीतून हात बाहेर काढले. बेकरीवालीने दिवा जवळ सरकवला आणि पुन्हा आपल्या जागी गेली. मी विणलेली करंगळी आत्याने टोकापासून उसवायला घेतली. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता, आणि ती तो लपवत नव्हती. टाका उचलताना तिने आपलं मनगट काकांच्या मनगटावर टेकवलं. तसं टेकवल्यावर हात जरा कमी हलायचा. काका हात दगडासारखा स्थिर धरून बसले होते. एकदा सुई टोचली, त्यांचा श्वास आत गेला, पण हात जागचा हलला नाही. "उजव्या बाजूचं जरा घट्ट," एवढंच म्हणाले, आणि आत्या "कळतंय मला" म्हणाली.

पाऊण तास लागला. चहा आला, निवला, पुन्हा गरम होऊन आला. कुणी मदत केली नाही. बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मदत न करणं त्यांना किती जड जात होतं, ते कपाळावर दिसत होतं. शेवटी आत्याने लोकर तोडली. मोजा काकांच्या हाताला सगळीकडून लागून बसला होता, जिथे बोटं होती तिथेही आणि जिथे नव्हती तिथेही. काकांनी मूठ मिटली. उघडली. पुन्हा मिटली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो हात आमच्यासमोर वर धरला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"हकीकत राहिली," बाई हळूच म्हणाल्या.

"सांगून झाली की," आत्या म्हणाली. "हात हलतो. ऑगस्टपासून. थांबणार नाही म्हणतात. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. मग हिने बिघडवलं, मग पुन्हा जमलं." आणि तिने नाक पुसलं.

आम्ही निघालो तेव्हा काका दारात मोजे घालून उभे होते. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा फिरवून पाहिला, भुवया आक्रसल्या, सुतार जसा दाराची चौकट बघतो तसा.

"ताई, हा अंगठा मुळाशी सैल आहे. वारा शिरतो. पुढच्या गुरुवारी घट्ट करून द्याल?"

आत्या जागीच थांबली. "सैल? माझा अंगठा?"

"बघा ना, बोट जातंय आत."

"जात असेल तर तुमचं बोट बारीक आहे! अठ्ठावीस वर्षांत माझा एक मोजा परत आला नव्हता."

"हा आला," काका म्हणाले. त्यांनी उजवा मोजा काढून तिच्या हातात ठेवला, आणि एक हात उघडा घेऊन थंडीत चालते झाले.

घरापर्यंतच्या रस्त्यात मी तीनदा माफी मागितली. पहिल्यांदा ती म्हणाली, "विचारायला तोंड नव्हतं का?" दुसऱ्यांदा म्हणाली, "तुझे टाके घट्ट असतात, दुरून ओळखू येतात. मुद्दाम सैल सोडलेले तर आणखीच." तिसऱ्यांदा तिने ऐकलंच नाही. ती मोजा दिव्याखाली धरून, अंगठा उलटसुलट करत, स्वतःशी पुटपुटत चालली होती. "सैल म्हणे. वारा शिरतो म्हणे. सुताराला काय कळतं लोकरीतलं! मुळाशी दोन टाके कमी केले की झालं. नाही, एकच. दोन केले तर काचेल. गुरुवारपर्यंत होईल. व्हायलाच पाहिजे, त्यांना मी काय सांगणार आहे?" असं भांडत, हातवारे करत, थरथरता हात उघड्यावर हलवत ती माझ्यापुढे दहा पावलं निघून गेली, आणि तिला गाठायला मला पळावं लागलं.